त्या वर्षीची अठाई

मंजू,

तुझ्या उठावण्याला, त्या शोकसभेला, मी आले होते. बायकांच्यात मागे, भिंतीला टेकून बसले होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाटील, टेकू नकोस, झोप लागेल तुला." झोप कसली लागतेय, उलट असा राग आला की मधूनच उठून तडक बसस्टँड गाठावंसं वाटलं.

तुझ्याबद्दल एकेक जण उठून बोलत होता. दुकानावरचा तुझा सरळ व्यवहार, खेड्यावरून भांडी घ्यायला येणाऱ्या बायकांशी तुझी ती अस्सल अहिराणी, सासूबाईंची तू केलेली सेवा. सगळं खरं होतं आणि ऐकायला बरं वाटत होतं. मग तुमच्या समाजातले एक बुजुर्ग उभे राहिले. म्हणाले, मंजूबाई म्हणजे तपस्वी जीव, रिद्धीच्या लग्नाच्या आधीच्या वर्षी तब्येत इतकी उतरली होती तरी त्यांनी अठाई सोडली नाही. हॉलभर माना हलल्या. रिद्धी, तुझी लेक, पदर डोळ्याला लावून बसली होती. तिनेही मान हलवली.

ते वर्ष तुझ्या टीबीचं होतं, हे त्या हॉलमध्ये किती जणांना ठाऊक होतं? तुझे यजमान, सासूबाई आणि मी, बस. बाकीच्यांसाठी तुला 'जरा अशक्तपणा' होता. आणि अठाई म्हणजे पर्युषणातले आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. तू कॉलेजात असल्यापासून करायचीस आणि मी कॉलेजात असल्यापासून त्यावरून तुझं डोकं खायचे. पण त्या वर्षी तू करणार नव्हतीस. मी अमळनेरहून धुळ्याला येऊन, तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्याशी कडाकडा भांडून, तुझ्याकडून 'बरं' असं वदवून घेतलं होतं.

म्हणजे तू मला फसवलंस. त्या भल्या माणसाच्या एका वाक्यात मला ते कळलं, आणि कळल्यावर पुढचा प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. तुझं आत्ताचं जाणं त्या आठ दिवसांतून तर आलं नाही?

जळगावला एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आपण एका टेबलावर आलो ते आडनावांच्या क्रमाने. हजेरीला सर मला पाटील म्हणत, म्हणून तूही पाटील म्हणालीस आणि मरेपर्यंत माझं नाव काही तुझ्या तोंडात आलं नाही. पहिल्याच आठवड्यात मी तुला विचारलं होतं, जैनाची मुलगी जंतूंच्या अभ्यासाला कशी आली गं? तू काचेच्या बशीवरून नजर न काढता म्हणालीस, "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून पितात. म्हटलं, कोणाला गाळतोय ते एकदा बघावं तरी."

मला तू त्या वाक्यालाच आवडलीस. नंतर पुष्कळदा नावडलीस, तो भाग वेगळा.

प्रयोग संपला की वाढवलेले जंतू ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारायचे. आईला मी त्याला वाफेचा मोठा कुकर म्हणून सांगितलं होतं. बशा आत रचायच्या, झाकण आवळायचं, वाफ धरायची आणि चहाला जायचं. तू झाकण आवळण्याआधी हात जोडायचीस. मला आधी वाटलं, प्रयोग नीट व्हावा म्हणून नमस्कार करत असशील. मग एकदा ओठ हलताना दिसले. तू त्या बशांची माफी मागत होतीस. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला आली.

"आपणच खाऊ घालून वाढवले आणि आपणच शिजवतोय," तू म्हणालीस. "निदान सांगून तरी करावं."

"त्यांना काय कळतंय?"

"कळत असतं तर त्यांनी आपली बाजू मांडली असती. कळत नाही म्हणून तर माफी."

आपलं भांडण सुरू झालं ते तिथून. ते संपवायचं राहून गेलं.

सुट्टीत तू आमच्या रावेरकडच्या गावी यायचीस तेव्हा माझ्या आईला तुझी भारी काळजी. बटाटा नाही, कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही, मग भरताच्या मुलखात या पोरीने खायचं काय? तिने मळ्यातली कच्ची केळी काढून त्यांची भाजी करायला घेतली. ओट्यापाशी उभी राहून तुला बजावायची, "अवं मंजू, दिवस बुडाच्या आत ये जेवाले. अंधार पडला का तू तं माह्या हातचं पाणीबी घेत नाही." आणि तू घड्याळ न बघता बरोब्बर वेळेत यायचीस. आई गेली तेव्हा तू आली होतीस आणि स्वतः त्या ओट्यापाशी उभी राहून केळ्याची भाजी केलीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आता बोलते. त्या दिवशी तू होतीस म्हणून मी दोन घास खाल्ले.

लग्न होऊन तू धुळ्याला भांड्यांच्या दुकानात बसलीस, मी अमळनेरला शिकवायला लागले. मला वाटलं, संपलं हिचं शास्त्र. पण तुझा फोन यायचा तो आधी स्टीलच्या डब्यांचे भाव आणि मग लगेच, "हं, सांग, आज काय शिकवलंस?" मी टीबीच्या जंतूवर आले की तुला चेव यायचा.

पोरांना मी सांगायचे ते असं. हा जंतू फुफ्फुसात शिरला की शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला गिळतात. बाकीचे बरेचसे जंतू त्या पोटात संपतात. हा मात्र टिकतो. आतलं वातावरण आंबट, प्राणवायू तुटपुंजा, लोहसुद्धा शरीर त्याच्यापासून दडवून ठेवतं. अशा अडचणीत तो मारामारी करत बसत नाही. कारभार आवरता घेतो, वाढणं जवळजवळ थांबवतो, त्या पेशीतलीच चरबी थोडीथोडी साठवतो आणि तिच्यावर दिवस काढतो. पुष्कळशा औषधांचा जोर वाढणाऱ्या जंतूवर चालतो. जो वाढतच नाही त्याच्यावर ती फार सावकाश लागू पडतात. म्हणून तर गोळ्या महिनोन्‌महिने घ्यायच्या, बरं वाटायला लागलं तरी घ्यायच्या. एवढं सांगून मी म्हणायचे, थोडक्यात, तो झोपतो.

"झोपत नाही," तू फोनवर म्हणालीस. "झोपलेल्याला बाहेरचं काही कळत नाही. याला सगळं कळतंय. हा उपास करतोय, पाटील. पारण्याची वाट बघत बसलाय."

मी चिडले. वाट बघायला मन लागतं. ज्यांना थांबता आलं ते उरले, ज्यांना आलं नाही ते गेले, एवढंच. त्यात तप कुठून आलं? तू म्हणालीस, तुझं बरोबर असेल, पण उपास केलेल्या माणसाला विचार, तिसऱ्या दिवसानंतर मनही बाजूलाच बसतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी 'उपास' हाच शब्द वापरला आणि मागच्या बाकावरच्या पोरांनाही विषय समजला. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस.

आणि मग तो तुझ्याच घरात आला. खोकला रेंगाळला, संध्याकाळी अंगात कसर राहायला लागली, ब्लाउज सैल व्हायला लागले. तुला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. बेडक्याचा रिपोर्ट आला तेव्हा पहिला फोन तू मला केलास आणि पहिलं वाक्य होतं, "पाटील, पाहुणा आलाय." मी रडले. तू माझी समजूत काढलीस, हे आठवलं की अजून लाज वाटते आणि हसूही येतं.

गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांत खोकला थांबला, तुझ्यापासून कोणाला लागण होण्याची भीती गेली, चेहऱ्यावर तेज आलं. मी विचारलं की तू तुझं ते ठरलेलं अहिराणी वाक्य टाकायचीस, "बठ्ठं बरं शे," सगळं ठीक आहे. आणि मग श्रावण संपत आला आणि एक दिवस तू सहज बोलल्यासारखं म्हणालीस की यंदाही अठाई करावी म्हणतेय.

मी सुट्टी टाकली आणि पहिली बस पकडली. तू ओट्यापाशी मूग निवडत होतीस. मला बघून तुला नवल वाटलं नाही.

"मी उपाशी राहिले तर तेही उपाशी राहतील," तू मान वर न करता म्हणालीस.

"उपाशी राहण्यात ते तुझ्यापेक्षा मुरलेले आहेत, मंजू. तूच सांगायचीस ना मला?"

मग मी बोलत सुटले. त्यांचे हाल झाले की ते आणखी आवरून बसतात आणि गोळ्यांना दाद देत नाहीत, हे तुला सांगितलं. त्यांना कोंडून धरणाऱ्या ज्या तुझ्या पेशी आहेत त्यांना अन्न लागतं, उपासमार झाली की पहारा ढिला पडतो आणि त्यांचं पारणं तिथेच होतं, हेही सांगितलं. तुला यातलं एक अक्षर नवीन नव्हतं. परीक्षेत तू माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतंस. म्हणून मी शेवटी विचारलं, खरं कारण सांग.

तू मुगाची ताटली बाजूला सारलीस. रिद्धीची बोलणी चालली आहेत म्हणालीस. दरवर्षी अठाई करणारी बाई यंदा बसली नाही, तर लोक का म्हणून विचारणार. एकदा 'टीबी' हा शब्द घराबाहेर गेला की तो परत येत नाही. तुमच्या म.सा.ना, त्या साध्वींना, विचार, असं मी म्हटलं. आजारी माणसाला धर्मातच सूट आहे, त्या तुला स्वतः जेव म्हणतील.

"म्हणतील," तू म्हणालीस. "पण विचारायचं म्हणजे सांगायचं."

मंजू, तिथे माझा आवाज चढला. मी म्हटलं, पोरीचं लग्न आईशिवाय लावायचं असेल तर खुशाल कर. हे वाक्य कठोर होतं आणि मला ते आजही मागे घ्यायचं नाही. तू मुगाची ताटली पुन्हा पुढे ओढलीस. मग 'बरं' म्हणालीस. मी तुझ्या हातचं जेवून परतीच्या बसमध्ये बसले ती जिंकल्याच्या आनंदात.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, तुझा नेहमीप्रमाणे फोन आला, मिच्छामि दुक्कडम म्हणायला. दरवर्षीसारखी मी चेष्टा केली, जंतूंची माफी मागून झाली का? तू हसली नाहीस. "त्यांची मागेन. आधी माणसांची मागू दे. माझ्या हातून काही खोटं झालं असेल, पाटील, तर माफ कर." मी म्हटलं, केलं, आणि घाईत फोन ठेवला, कारण कॉलेजची वेळ झाली होती.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. रिपोर्ट स्वच्छ आला. रिद्धीचं लग्न थाटात झालं आणि तू सगळ्यांत जास्त नाचलीस. त्यानंतरच्या थंडीत मी एकदा तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू माझ्यासाठी तुझी ती बिनलसणाची शेवभाजी केलीस, जिला मी आजाऱ्याची शेवभाजी म्हणायचे. मला वाढलंस आणि स्वतः पाण्याचा पेला घेऊन समोर बसलीस. मी म्हटलं, डाएट का? तू म्हणालीस, "आज नको वाटतंय. बठ्ठं बरं शे, तू जेव."

यंदा तुला न्यूमोनिया झाला तो दुसऱ्याच जंतूचा. दवाखान्यात मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं होतं. जुने पाहुणे कुठे सापडले नाहीत. पण त्यांनी ओरबाडून ठेवलेल्या फुफ्फुसांना हा नवा पेलला नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मी ते ऐकून घेतलं होतं. उठावण्यात त्या बुजुर्गांचं वाक्य ऐकलं आणि तेच शब्द पुन्हा वर आले. त्या आठ दिवसांत आजाराला मोकळं रान मिळालं असेल का? ओरबाडणं तेव्हाच वाढलं असेल का? शिकवणारी बाई म्हणून मला माहीत आहे की याचं उत्तर आता कोणीच देऊ शकणार नाही. मैत्रीण म्हणून मला ते हवंच होतं.

लोक पांगल्यावर तुझ्या सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. बाईसा आता फार थकल्या आहेत, पण नजर तशीच आहे. माझ्या तोंडावरचा राग त्यांनी लांबूनच वाचला असावा. मी सरळ विचारलं, त्या वर्षी ती खरंच आठ दिवस उपाशी होती का?

बाईसांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही भांडून गेल्या ना पाटीलबाई, त्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. बोलली, बाईसा, अठाई केली तर मी मरेन आणि नाही केली तर पोरीचं लग्न मोडेल. मी बोलली, पचखाण घे, लोकांना दिसू दे. जेवायला मी वाढते. पाप लागलं तर माझ्या माथी."

रोज सकाळी तू तुमच्या जैन स्थानकात जाऊन सगळ्यांसमोर उपासाचा नेम, ते पचखाण, घ्यायचीस. दुपारी बायका तुझी शाता विचारायला यायच्या, कशी आहेस, झेपतंय ना म्हणून, पाया पडून जायच्या. त्या गेल्या की बाईसा दार लावून घ्यायच्या. मुगाची खिचडी, दूध आणि सकाळपासून ओच्यात बांधून ठेवलेल्या त्या दिवसाच्या गोळ्या.

"रडत रडत जेवायची," बाईसा म्हणाल्या. "पण ताटात काही ठेवायची नाही. बोलायची, पाटील विचारेल."

मंजू, मी तिथे बाईसांच्या पलंगाच्या कडेला बसून तोंडावर पदर धरला.

त्या आठ दिवसांत तुमच्या घरात खरा उपास कोणी केला असेल तर त्या जंतूंनी केला. तू जेवलीस. माझं ऐकलंस, अक्षर न्‌ अक्षर ऐकलंस. आणि शेवटच्या दिवशी समाजाने तुझ्या अंगावर चुंदडी घातली, सत्कार केला, चार लहान मुली तुझ्या पाया पडल्या, तेव्हा तू न केलेल्या तपाचा मान घेत तिथे बसली होतीस. जी बाई काचेच्या बशीतल्या ठिपक्यांशी खोटं वागली नाही, ती आपल्या माणसांसमोर खोटी ठरून बसली. हे मला सांगता आलं नसतं का तुला? नसतंच. मी म्हणाले असते, त्यात काय मोठंसं, जीव वाचला ना. हसण्यावारी नेलं असतं. हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं.

निघताना बाईसांनी आणखी एक सांगितलं. लग्न उरकल्यावर, त्या थंडीत, पर्युषण नाही की काही नाही अशा साध्या दिवसांत, तू ती अठाई फेडलीस. कोणाला कळू दिलं नाहीस. दुकानात बसत होतीस, गिऱ्हाइकं करत होतीस, घरी आलेल्या पाहुण्यांना रांधून वाढत होतीस. त्या आठ दिवसांत कधीतरी मी शेवभाजी खाऊन, वर तुला डाएटवरून चिडवून, बोटं चाटत उठले होते.

सोमवारी कॉलेज उघडलं. प्रॅक्टिकल संपल्यावर बशा रचल्या, ऑटोक्लेव्हचं झाकण हातात घेतलं आणि थांबले. विद्यार्थिनी विचारायला लागल्या, मॅडम, काही राहिलं का? मी नाही म्हटलं आणि झाकण आवळलं. हात काही मी जोडले नाहीत. आपलं ते भांडण मी असं तू नसताना सोडणार नाही. त्यांना काही कळत नाही, मंजू. अजूनही माझं मत तेच आहे.

पण माणसांना कळतं. दरवर्षी संवत्सरीला फोन तू करायचीस आणि मी नुसतं 'केलं माफ' म्हणून मोकळी व्हायचे, एकदाही उलट मागितली नाही. यंदा फोन येणार नाही, तेव्हा मलाच बोलायला हवं. तुझा उपास मी मोडायला लावला. तुला तुझ्या लोकांत खोटं बसायला लावलं. हात जोडून मी त्याची माफी मागते.

आणि तू पुन्हा तशी आजारी पडलीस, तर मी पुन्हा पहिली बस पकडून येईन आणि पुन्हा मोडायला लावीन. त्याचीही माफी आताच मागून ठेवते.

तुझी,
पाटील